लाहेचं बोलावणं

आज सकाळी जयमलचा निरोप आला. आधी एक फोटो, झाडाखालची झाडून लख्ख केलेली जमीन आणि तिच्यावर पडलेली मोहाची फुलं. खाली एकच ओळ, "ताई, मोह पडायला लागला."

आमच्या शहाद्यात या दिवसांत डोकं तापायला लागलेलं असतं. रसवंत्यांची घुंगरं वाजायला लागतात. ऊस तोडायला गुजरातेत गेलेली डोंगरातली माणसं होळीसाठी परतलेली असतात आणि एसटी स्टँडवर गाठोडी, डबे, कडेवरची पोरं घेऊन वरच्या गाडीची वाट बघत बसलेली असतात. फोनला वास येत नाही हे मला कळतं. तरी मी तो फोटो नाकाजवळ नेला. घरात कोणी पाहिलं नाही, हे बरं झालं. त्या गोड, जड वासात माझा एक अख्खा चैत्र अडकून पडला आहे आणि दरवर्षी तो असा एका ओळीनं सुटतो.

माझा धंदा चित्रं काढण्याचा. मुलांच्या पुस्तकांसाठी, भिंतीवरच्या तक्त्यांसाठी, बियाण्यांच्या पाकिटांसाठी, जे येईल त्यासाठी. पुण्यात काही वर्षं नोकरी केली, मग कोणाच्या हाताखाली नको म्हणून गावी परतले आणि केळीच्या वखारीला लागून असलेल्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. 'फ्रीलान्स' हा शब्द माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, तोंडी काही बसला नाही. कोणी विचारलं की ते सांगायचे, "मन्ही पोर घर बठीसन चित्रं काढस, कॉम्प्युटरवर." मग आवाज जरा खाली आणून, "तिले पुण्यामा चांगली नोकरी व्हती." ते 'व्हती' मला खोलीत ऐकू यायचं आणि मी दार लोटून घ्यायचे.

दार लोटून घेणं हा माझा स्वभावच. चित्र मीच काढायचं, मजकूर मीच लिहायचा, गिऱ्हाइकाशी मीच बोलायचं, बिघडलेला संगणकही आधी मीच उघडून बसायचं. ताप आला तर तापातच काम. कोणी "काही करू का?" असं विचारलं की माझं उत्तर तयार असे, "नको, मी करते." यात मोठेपणा आहे असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. एकट्यानं धंदा करणाऱ्या माणसाला ही खोड लागतेच. बाहेरून तो मोकळा दिसतो आणि आतून त्याला सगळ्या बाजूंनी कुलपं घातलेली असतात.

तर त्या वर्षी एका प्रकाशन संस्थेनं मला चित्रकोशाचं काम दिलं. आश्रमशाळेतल्या लहान मुलांसाठी. एकेक वस्तू, तिचं चित्र आणि खाली तीन शब्द: मराठी, अहिराणी, पावरी. डोंगरातल्या मुलाला आपल्या घरातली टोपली पुस्तकात दिसावी आणि तिचं घरचं नाव पुस्तकात वाचता यावं, अशी ती कल्पना. इतकं मोठं काम मला कधी मिळालं नव्हतं. हे जमलं तर मी शहाद्यात राहू शकते, नाहीतर जुन्या ऑफिसातली खुर्ची आहेच, असं मी आप्पांना सांगून टाकलं होतं. म्हणजे स्वतःलाच सांगितलं होतं. 

मराठी माझी शाळेची, अहिराणी घरची. पावरीचं, डोंगरातल्या पावरा लोकांच्या बोलीचं, काय? तेव्हा जयमल भेटला. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो कागदांचा एक गठ्ठा छापून घेत होता आणि दुकानदार त्याला विचारत होता, "हाई काय शे, भाऊ?" तोरणमाळच्या घाटावरच्या पाड्यावरचा हा तरुण माझ्यासारखाच एकट्यानं धंदा करणारा निघाला. पावरीतून मराठी, मराठीतून पावरी. सर्वेक्षणाचे फॉर्म, दवाखान्याच्या सूचना, शाळेचे तक्ते. त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, कारण ते त्यानं शाळेत एकेक अक्षर कमावलं होतं. पाड्यावर एकाच ठिकाणी फोनला रेंज येते, एका मोठ्या शिळेवर. तिच्यावर चढून तो गिऱ्हाइकांशी बोलायचा. "माझं ऑफिस उंचावर आहे," असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगे.

मी त्याला शब्दांच्या याद्या पाठवायचे आणि तो शिळेवरून पावरी शब्द आवाजात भरून पाठवायचा. टोपली, विळा, मोह, धनुष्य. एवढंच. माझी चित्रं मी त्याला कधी दाखवली नाहीत. त्याचा प्रांत शब्दांचा, माझा चित्रांचा. आपण दोघं भागीदार आहोत आणि किती नीटनेटके भागीदार आहोत, असं मी लोकांना सांगतही होते. आता आठवलं की हसू येतं. दोन शेजारी आपापल्या अंगणात पाठमोरे बसलेले, आणि मी त्याला सोबत म्हणत होते.

नमुन्याची पानं पुण्याला गेली आणि परत आली. सोबतच्या पत्रात संपादकबाईंनी सौम्यपणे लिहिलं होतं की चित्रं सुरेख आहेत, पण चित्र आणि शब्द एकमेकांना ओळखत नाहीत. चैत्र संपायच्या आत नवी पानं हवीत, नाही जमलं तर पुण्यातच कोणाकडे तरी काम सोपवू. मी पत्र तीनदा वाचलं. मग मनातल्या मनात जयमलवर चिडले, की याचे शब्द चुकले असणार. संध्याकाळी ओसरीवर आप्पांनी माझा चेहरा पाहिला. थोडा वेळ अडकित्त्याशी खेळत राहिले आणि म्हणाले, "मंग जाय पुण्याले. आठे एकलीच कितला दिन झुरशी?" त्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी चित्रांची गुंडाळी काखेत मारून मी जयमलकडे जायला तोरणमाळची एसटी धरली.

घाट चढणारी ती गाडी हा एक वेगळा अनुभव आहे. मैदान संपतं, केळी संपतात, कापसाच्या पऱ्हाट्या संपतात आणि वळणावळणाला सातपुडा आपले पदर दाखवू लागतो. उन्हानं पिवळे पडलेले डोंगरउतार, मध्येच पळसाचा लालभडक ढीग. गाडीत एका आजोबांच्या मांडीवर कोंबडा होता. तो माझ्या गुंडाळीकडे सबंध घाटभर संशयानं बघत होता. जन्म शहाद्यात गेला, पण सहलीखेरीज मी कधी इथं आले नव्हते, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा जाणवलं आणि थोडी शरम वाटली.

जयमलच्या आईनं, रेलीबाईनं, मला दुसऱ्या दिवशी पहाटे उठवलं आणि काही न बोलता हातात टोपली दिली. बाहेर गारवा होता. झुंजूमुंजू झालेलं. आम्ही एका मोहाखाली जाऊन उभ्या राहिलो आणि मी ऐकलं. टप. मग दुसरीकडे टप. मग चारी बाजूंनी टप, टप. सगळं झाड फुलं सोडत होतं. पान जवळपास नाहीच, नुसत्या उघड्या फांद्या, आणि त्यांतून फिकट, रसरशीत फुलं आपापल्या वेळी सुटून खाली येत होती. कोणी हात लावत नव्हतं, कोणी फांदी हलवत नव्हतं. बायका खाली वाकून वेचत होत्या. एक फूल माझ्या खांद्यावर पडलं तेव्हा मी दचकले. मला वाटतं मी तोंड उघडं टाकूनच उभी होते, कारण रेलीबाई माझ्याकडे बघून हसली. माझ्या घरापासून गाडीनं जेमतेम दोन-तीन तासांवर दर चैत्रात असा पाऊस पडत होता आणि मी इतकी वर्षं त्याच्या पायथ्याशी झोपा काढत होते.

आणि मग मला माझं चित्र आठवलं.

ऊन वर आल्यावर अंगणात पानं पसरली. कोपऱ्यांवर खडे ठेवले. बायका जमल्या, दोन म्हातारे जमले. 'मोह' या पानावर मी एक हिरवंगार, पानांनी डवरलेलं झाड काढलं होतं आणि एक सुंदर पावरा बाई टाचा उंचावून फांदीवरची फुलं खुडत होती, अगदी आमच्याकडे मोगरा खुडतात तशी. मग एक म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि अंगण जे हसायला लागलं ते थांबेचना. एक जण तर भिंतीला टेकली. मी जयमलकडे पाहिलं. तो ओठ दाबून उभा होता.

"काय म्हणाली ती?"

"ती विचारते, ही बाई कुठली? हिला मोह पडेपर्यंत धीर नाही का?"

मीही हसले. काय करणार? मैदानातल्या माणसाला फूल म्हटलं की खुडणंच सुचतं. पण हसता हसता कानशिलं गरम झाली, कारण जयमलचा शब्द बरोबर होता आणि माझं चित्र खोटं होतं. संपादकबाईंना पुण्यात बसून जे जाणवलं होतं, ते मला इथं अंगणात उभं राहून कळलं.

मी त्याच दिवशी परतणार होते. पण रेलीबाई म्हणाली, उद्या लाह आहे, थांब. लाह म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. जयमलच्या धाकट्या भावाला वेगळं घर बांधायचं होतं. सागाचे खांब, बांबू, कौलं, सगळं गोळा करून ठेवलेलं. आदल्या दिवशी तो भाऊ दारोदार जाऊन एवढंच सांगून आला होता की उद्या माझ्याकडे लाह आहे. आणि सकाळी माणसं यायला लागली. कोणी कुऱ्हाड घेऊन, कोणी दोर घेऊन, बायका मातीच्या घमेल्यांसह. मजुरी नाही. ज्याच्याकडे काम त्यानं जेवू घालायचं आणि उद्या दुसऱ्याकडे लाह असली की आपण जायचं. संपलं.

मी आजवर पुष्कळ ऑफिसं पाहिली, मीटिंगा पाहिल्या. असं काम पाहिलं नव्हतं. मुकादम नाही, ओरडा नाही. एक म्हातारा नुसता उभा राहून डोळा बारीक करायचा आणि खांब किती तिरका आहे ते हातानं दाखवायचा. दोघं झाडावर चढावं तसे आढ्यावर चढले. कोणी बांबूच्या कामट्या काढत होतं, कोणी त्या कामट्यांची भिंत विणत होतं. ज्याला जे उत्तम येतं ते तो करत होता आणि दुसऱ्याचं काम आपल्या कामाला येऊन भिडेल याची त्याला खात्री होती. मला कौलं देण्याच्या रांगेत उभं केलं. एका बाईकडून घ्यायचं, दुसरीकडे द्यायचं. उन्हात तापलेली ती कौलं तळव्यांना चटके देत होती आणि मला विलक्षण आनंद होत होता. मधूनच मी मान वर करून बघायचे तर छत आणखी थोडं पुढे सरकलेलं असायचं. उन्हं कलायच्या आत, सकाळी जिथं मोकळी जमीन होती तिथं, एक घर उभं होतं. त्याच्या भिंती लिंपायच्या बाकी होत्या, पण घर होतं, आत सावली होती. मी त्या सावलीत जाऊन उभी राहिले आणि मला भरून आलं. माणसं इतकं करू शकतात, हे वाचून ठाऊक असतं. पण ते समोर घडताना पाहिलं की आपण लहान होतो, आणि लहान झाल्याचं वाईट वाटत नाही.

मक्याची भाकर आणि उडदाची घट्ट डाळ सगळ्यांना वाढून झाली, घरचे लोक शेवटी जेवले. तेव्हा मी जयमलजवळ बसले. मनातलं गिळता आलं नाही.

"तुमच्याकडे नुसतं सांगितलं की इतकी माणसं येतात. मी शहाद्यात दोन वर्षं एकटी मरतेय. एकानं विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

त्यानं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "तुम्ही बोलावलं नव्हतं, ताई."

"पण तुम्हाला दिसत होतं ना? मोह माहीत नाही मला, हे कळत होतं ना?"

"कळत होतं. म्हणून तर जास्त अवघड." तो शब्द निवडत बोलत होता, भाषांतर करताना निवडतो तसे. "आमच्या पाड्यावर कोणाच्या कामात न बोलावता हात घातला, तर त्याचा अर्थ होतो, तुला जमत नाही. असं तुम्हाला मी कसं म्हणणार? तुम्ही मोहाचं चित्र काढताना विचाराल, असं वाटलं होतं. मी वाट बघितली."

दोन वर्षं मी ज्याला लोकांची बेपर्वाई समजत होते, तो त्यांनी माझा राखलेला मान होता. मी दार लोटलं होतं आणि माणसं बाहेर अदबीनं थांबली होती. आणि मी आतून कण्हत होते, की कोणी येत नाही.

"मग मी लाह बोलावली तर चालेल?" मी विचारलं. "चित्रांची?"

तो पहिल्यांदाच मोकळं हसला. "चालेल. पण तुम्हालाच जावं लागेल दारोदार. माझ्या तोंडून नाही चालत."

ते दारोदार जाणं! माझ्या आयुष्यात मी परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, पण पहिल्या घराच्या कुडापाशी उभी राहिले तेव्हा जशी कचरले तशी कधी कचरले नव्हते. एक वाक्य पावरीत पाठ केलं होतं. रेलीबाईनं ते चार वेळा दुरुस्त केलं होतं. 'उद्या माझ्याकडे लाह आहे, या.' एवढंच वाक्य, पण त्याच्या आत दुसरं वाक्य होतं, की मला हे एकटीला येत नाही. ते दुसरं वाक्य मी कोणत्याच भाषेत कधी उच्चारलं नव्हतं. पहिल्या दारात आवाज चिरकला. दुसऱ्या दारात घरातली बाई मला थांबवून पुन्हा म्हणायला लावून नीट ऐकून हसली. चौथ्या दारापासून ते सोपं झालं. परतताना माझ्या अंगातलं कसलं तरी ओझं उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या नव्या घराच्या सावलीत माझी लाह भरली. मी भाकरी केल्या, त्या गोल सोडून बाकी सगळ्या आकारांच्या झाल्या. माणसांनी न कुरकुरता खाल्ल्या. जमिनीवर सगळी चित्रं मांडली आणि मी पेन्सिल घेऊन बसले, जयमल वही घेऊन बसला. मी म्हटलं 'टोपली', तर बायकांनी विचारलं, कोणती? मोह वेचायची, धान्य पाखडायची, कोंबडीची पिल्लं झाकायची, मासे धरायची, लग्नात न्यायची. घराघरांतून टोपल्या आणून समोर ठेवल्या. प्रत्येकीची वीण निराळी, प्रत्येकीचं नाव निराळं. माझ्या धनुष्याची दोरी सुताची होती. एका म्हाताऱ्यानं ते पान उचललं, उठून घरी गेला आणि आपलं धनुष्य घेऊन आला. दोरीच्या जागी बांबूची चिवट कामटी होती. त्यानं ती माझ्या कानाशी छेडली. तो आवाज काढता येईल असं चित्र मला अजून जमलेलं नाही. ऊस तोडून आलेल्या एकानं माझ्या चित्रातल्या माणसाची कोयता धरण्याची पद्धत बघितली आणि सांगितलं की असा धरला तर हा माणूस संध्याकाळपर्यंत बोट गमावेल.

मी पुसत होते, काढत होते, पुन्हा पुसत होते. माझ्या चित्रांतून एकेक चूक गळून जात होती आणि त्या जागी इतकं काही येत होतं की हात पुरत नव्हता. जगात एवढ्या गोष्टी आहेत, आणि त्या प्रत्येकीला कोणीतरी नावानं ओळखतं! हे मला थक्क करत होतं. चित्रकार म्हणून माझी नजर तीक्ष्ण आहे असं मला वाटायचं. त्या दिवशी मी तिथल्या सगळ्यांत आंधळी होते आणि सगळ्यांत सुखी.

पुस्तक झालं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला टांगून ठेवण्यात मला मजा वाटत नाही. मी आणि जयमलनं संपादकबाईंना एकत्र पत्र लिहिलं, खाली दोघांच्या सह्या. काम आम्हा दोघांचं, बरोबरीचं, आणि लाहेला आलेल्या प्रत्येकाचं नाव आतल्या पानावर. पानं बघून बाईंनी फोन केला. म्हणाल्या, "हे तुम्ही आधी का नाही दाखवलंत?" पुण्यातली खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. ती त्या माणसाला सुखात ठेवो.

तेव्हापासून आम्ही भागीदार आहोत, खरेखुरे. आता मला कोणी विचारतं, की एकट्यानं धंदा करणाऱ्याला भागीदाराचा उपयोग काय? सल्ले देण्याची मला हौस नाही, पण माझ्यापुरतं सांगते. मला टायफॉइड झाला तेव्हा मुदत वाढवून घ्यायला पुण्याशी जयमल बोलला, त्या शिळेवरून. त्याला ज्या कामात फक्त भाषांतर मागत, तिथं तो आता म्हणतो, चित्रंही आम्हीच देऊ. मला भाव सांगताना तोतरं व्हायला होतं, त्याला होत नाही. त्याला रंग कळत नाहीत, मला कळतात. नवापूरची एक जण आवाज भरून द्यायचं काम करते, तीही आता आमच्यात आहे. तिच्या घरामागे कोंबड्यांची शेड असल्यामुळे आमच्या पहिल्या ध्वनिफितीत दर शब्दानंतर एक कोंबडा दाद देतो. एकटी असते तर यातलं एकही काम मी अंगावर घेतलं नसतं. पण हे सगळे फायदे झाले. त्याहून मोठी गोष्ट ही, की माझं चूक चाललंय हे सांगणारं आता कोणीतरी आहे, आणि मी त्याला तसं सांगायला बोलावलेलं आहे.

पण आज तो फोटो नाकाशी धरला तेव्हा मला आठवला तो त्या मुदतीचा शेवटचा आठवडा. मी तोरणमाळहून खाली आले होते. मोह झाला, टोपल्या झाल्या, पावरीचा रकाना भरला. उरला होता अहिराणीचा. तो मी आपलाच म्हणून शेवटी ठेवला होता. घरची भाषा, त्यात काय अडणार?

बैलगाडीपाशी अडले. गाडी मी झकास काढली होती, पण तिच्या भागांची नावं लिहायला बसले आणि जू, कासरा एवढ्यावर गाडी थांबली. जुवाला ज्या खुंट्या असतात त्यांना काय म्हणतात? आखाला जे वंगण लावायचे ते कशात ठेवायचे? लहानपणी मी त्याच गाडीत बसून शेतात जायचे आणि मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी फोनमध्ये शोधायला लागले. एक तास शोधत होते. दाराच्या फटीतून ओसरी दिसत होती आणि ओसरीवर आप्पा बसले होते, हात रिकामे, नजर अंगणात. जन्मभर बैल हाकलेला माणूस. माझ्या खोलीपासून आठ-दहा पावलांवर.

माझा फोन तसाच हातात राहिला. पाड्यावर मी इतकी दारं हिंडले होते. हे एक दार मी आतून धरून बसले होते आणि याच्या बाहेर कोण थांबलंय, हे मला दिसलंच नव्हतं.

मी उठले. ती आठ-दहा पावलं घाटाहून चढाची होती. ओसरीवर जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "आप्पा, मन्हं काम अडनं. माले येत नही. तुम्ही येशात का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतराचा सोगा सावरला आणि माझ्या आधी खोलीकडे चालायला लागले. उंबऱ्याशी थांबले, मागे वळले नाहीत.

"दोन साल व्हई गयात, बेटा," ते म्हणाले. "मी रोज आठे बठीसन वाट देखी ऱ्हायनू, तू कव्हय हाक मारशी म्हनीसन."